केवळाबाईचा अंगठा

माझी केवळाआत्या पाणी पिण्याआधी तांब्या उजेडाकडं तिरका धरून आत बघायची. तांब्या तिनंच घासलेला असायचा, पाणी तिनंच फडक्यातून गाळलेलं असायचं, तरी बघायची. दळण आणलं की पीठ चिमटीत घेऊन हुंगायची. एसटीत कंडक्टरनं तिकीट दिलं की उलटंपालटं करून बघायची. लातूरच्या आमच्या खोलीला घरमालकीण बडीबीनं एक कडी लावलेली होती, तिच्या वर आत्यानं स्वतः सुताराकडून दुसरी ठोकून घेतली. बडीबी कमरेवर हात ठेवून म्हणाली होती, "कितना शक करती गे तू, केवळा!" आत्या म्हणाली, "शक न्हाई करत, बडीबी. बगून घेते." शक करणं आणि बघून घेणं यात काय फरक आहे ते मला तेव्हा कळत नव्हतं. आता साठीकडं झुकल्यावरही नीट कळलंय असं म्हणवत नाही.

आमच्या गावात शाळा सातवीपर्यंतच होती, म्हणून दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला आठवीला त्यांच्या या थोरल्या बहिणीकडं ठेवलं. गाव रेणापूरच्या बाजूला, एसटीनं तासाभरावर. आत्या विधवा, मूलबाळ नाही. डाळ मिलमध्ये तूरडाळ निवडायला जायची आणि संध्याकाळी परतली की तिच्या भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर पिवळा कोंडा बसलेला असायचा. मिल आमच्या गल्लीच्या पाठीमागंच होती. दिवसभर तिची घरघर भिंतीतून येई, फळीवरचे पेले थरथरत राहत. मिल बंद पडली की त्या शांततेनंच दचकायला होई. आल्यावर आत्या हातपाय धुवायची, भिंतीवरच्या दोन तसबिरींना हात जोडायची आणि चुलीपुढं बसायची. हायब्रीड ज्वारीची काळपट भाकरी, वर तव्यातच रगडलेला मिरचीचा ठेचा, कधी अंबाडीची भाजी. रविवारी धपाटे. भाकरी थापताना ती बोलत नसे, मात्र मी शाळेत काय केलं ते ऐकत असे आणि मध्येच, एकदम, आठवड्यापूर्वी मी सांगितलेल्या एखाद्या गोष्टीशी आजचं जुळत नाही म्हणून विचारत असे.

आत्याला वाचता येतं हे मला माझ्या प्रगतिपुस्तकामुळं कळलं. गणिताच्या बाईंनी लिहिलेला शेरा मी रबरानं खोडायचा प्रयत्न केला होता आणि कागद तिथं विरल्यासारखा झाला होता. आत्यानं पुस्तक चिमणीजवळ नेलं. "हितं काय लिव्हलं हुतं?" मी म्हणाले, "प्रगती चांगली." तिनं कागद मागून उजेडात धरला आणि एकेक अक्षर जोडत वाचलं, "लक्ष देणे आवश्यक." मग पुस्तक मिटून माझ्या हातात दिलं. मी मार खायला तयार होते. तिनं मारलं नाही. दाराची कडी लागलीय का ते बघून आली आणि म्हणाली, "मला वाचता येतं ही गोष्ट ह्या खोलीच्या भाईर जायची न्हाई. तुला, मला आन् सोपान गुरुजींला ठावं हाय. चौथ्याला न्हाई."

सोपान गुरुजी आमच्या वस्तीतले. कुठंकुठं नोकरी करून निवृत्त होऊन गावी आलेले. आत्याचा नवरा गेला आणि ती माहेरी परतली तेव्हा ती तिशीचीही नव्हती. गुरुजींच्या बायकोला संधिवात होता. तिचे पाय चोळून द्यायच्या निमित्तानं आत्या दुपारची त्यांच्या घरी जाई. आत पाय चोळणं चालायचं आणि ओसरीवरून गुरुजी पाढे म्हटल्यासारखी अक्षरं सांगायचे, ती अक्षरं आत्या कोळशाच्या तुकड्यानं फरशीवर काढायची आणि उठताना पुसून टाकायची. दोन वर्षं हे चाललं. पुढं गुरुजींची बायको वारली आणि आत्यानं त्या घरी जाणं बंद केलं. तरुण विधवा मास्तरांच्या घरी शिकायला जात होती हे कळलं असतं तर गावानं अक्षरं विचारली नसती. म्हणून हे गुपित. त्यात दोघांची अब्रू होती, हे मला तेव्हा समजायला हवं होतं. तेरा वर्षांच्या मुलीला गुपिताची फक्त मजा वाटते.

जिल्हा नवा झाला होता. रस्त्यावरच्या पाट्या नव्यानं रंगवल्या होत्या, साहेब लोक भाड्याच्या घरांत खुर्च्या मांडून बसले होते. आणि त्याच काळात पाऊस एक वर्ष कमी झाला, दुसऱ्या वर्षी त्याहून कमी. नव्या जिल्ह्यात जागोजाग समित्या निघाल्या. त्यातली एक पाणीटंचाईची. कुठली, कुठल्या कचेरीतली, ते मी मुद्दाम लिहीत नाही. त्यातल्या माणसांची नातवंडं आज मला भेटली की वाकून नमस्कार करतात. त्या समितीत एक बाई हवी होती आणि आमच्या वस्त्यांमधलं एक माणूस हवं होतं. कुणाच्या तरी डोक्यात आलं की एकाच खुर्चीत दोन्ही बसवता येतील. मोठ्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर आत्यानं बायकांच्या पोरांसाठी सावलीचा मांडव मागितला होता आणि मिळेपर्यंत हातोडा खाली ठेवला होता, त्यामुळं तिचं नाव पुढाऱ्यांना माहीत होतं. आणि ती अडाणी आहे हेही माहीत होतं. म्हणजे त्यांना तसं वाटत होतं.

पहिल्या बैठकीहून ती आली तेव्हा डाव्या अंगठ्याला शाई होती. मला आश्चर्य वाटलं.

"आत्या, तू अंगठा दिलास? दस्तखत कामून न्हाई केलीस?"

"हेडक्लार्कनं सई येती का म्हनून इचारलंच न्हाई. शाईचा डबाच सरकवला म्होरं." ती राखेनं अंगठा घासत होती. "त्येनं इचारलं न्हाई, म्या सांगितलं न्हाई."

"पण खोटंच की ते."

"आगं, अडाण्याम्होरं मानसं कागद झाकत न्हाईत," ती म्हणाली. "बगू तर दे, काय काय लिवतेत."

आणि खरंच ते झाकत नव्हते. तिची खुर्ची दाराशी होती, हेडक्लार्कच्या टेबलाला लागून. बैठकीत तोंडानं एक बोललं जाई आणि कागदावर दुसरं लिहिलं जाई. आत्या पदर डोक्यावरून ओढून, जमिनीकडं बघत असल्यासारखी, उलट्या बाजूनं ते वाचत असे. उलटं वाचायला ती घरी माझ्या पुस्तकांवर शिकली. मी इतिहास मोठ्यानं वाचायची, ती समोर बसून उलट्या ओळींवर बोट फिरवायची. जे पटायचं नाही त्या कागदावर ती "अंगठा ठणकतोय आज, फुडच्या खेपंला" असं म्हणून अंगठा टाळायची. मला तिचा फार अभिमान वाटे. शाळेत मुलींना सांगावंसं वाटे आणि सांगता येत नसे.

मग बोअरची गोष्ट आली. आमच्या वस्तीला बोअर मंजूर झाला होता. वस्तीवरच्या बायका पाण्याला दीड कोसावर जात. गावच्या विहिरीत टँकर रिकामा व्हायचा, पण तिथं आमच्या घागरी शेवटी भरल्या जायच्या आणि शेवटी बहुतेक चिखलच निघायचा. आईच्या डोक्यावरचे केस मधोमध गेले होते, चुंबळ घासून घासून. बोअरची गाडी येणार म्हणून वस्तीनं जागा साफ केली, दगड रचून खूण केली. आणि पंधरा दिवसांनी समजलं की बोअर रस्त्याकडच्या एका शेतात पडणार आहे. ते शेत होतं समितीच्या अध्यक्षांच्या पुतण्याचं. कागदावर लिहिलं होतं की वस्तीच्या सोयीसाठीच जागा बदलली आहे आणि वस्तीच्या प्रतिनिधीची संमती आहे. खाली केवळाबाईचा अंगठा होता.

हे कळण्याच्या थोडं आधी, एका दुपारी शाळा लवकर सुटली म्हणून मी घरी येत होते, तेव्हा मी अध्यक्षांची जीप पाहिली. ती आमच्या गल्लीच्या तोंडाशी न थांबता अलीकडच्या गल्लीत थांबली. आत्या तिच्यातून उतरली. इकडं तिकडं बघितलं, पदर सारखा केला आणि दुसऱ्याच वाटेनं घराकडं निघाली. मी भिंतीआड उभी राहिले. घरी पोचल्यावर मी विचारलं, "मिलमधून आलीस?" ती म्हणाली, "हाव." इतकंच. जी बाई माझ्या प्रगतिपुस्तकाचा कागद उजेडात धरून बघते, ती माझ्याशी सरळ खोटं बोलली होती. त्या दिवसापासून मी तिच्यावर नजर ठेवू लागले. तिच्या पिशवीत हात घालून बघितला. तिची ट्रंक ती मिलला गेल्यावर उघडून बघितली. दोन लुगडी, नवऱ्याचा एक फोटो आणि माझीच जुनी पाटी. काही सापडलं नाही म्हणून संशय कमी झाला नाही, उलट वाटलं की लपवण्यात ती माझ्यापेक्षा हुशार आहे. हे बघून घेणं मी तिच्याकडूनच शिकले होते.

बोअर हलवल्याचं कळल्यावर पुढच्या रविवारी मी गावी गेले. वस्तीच्या पारावर बायका-माणसं जमली होती. तुळशीरामकाका, आमच्या वस्तीत ज्यांचा शब्द चालायचा ते, बोलत होते. त्यांच्या आवाजात राग कमी आणि कीव जास्त होती.

"केवळाक्काला काय बोलायचं? अडानी बाई. कागद म्होरं केला, अंगठा उटवून घेतला. फशिवलं बिचारीला."

"अडानी मानूस पाठवल्यावर असंच व्हायचं," दुसरा कुणीतरी म्हणाला.

मी तिथं उभी होते. आई डोळ्यांनी मला घरात जा म्हणत होती. मी म्हणाले, "आत्या अडाणी न्हाई. तिला वाचता येतं. सगळं येतं. उलटं पण वाचते ती."

हे मी का बोलले, याचं उत्तर मी आयुष्यभर वेगवेगळं दिलं आहे. तिला कुणी बिचारी म्हटलेलं मला सहन झालं नाही, हे खरं आहे. जीपमधून उतरताना मी तिला पाहिलं होतं आणि तिला कुठंतरी पकडायचं होतं, हेही खरं आहे. कुठलं आधी, ते आता ठरवता येत नाही.

तुळशीरामकाकांचा चेहरा माझ्यादेखत बदलला. "वाचता येतं?" ते सावकाश म्हणाले. "मंग वाचूनशानी अंगठा दिला म्हना की तिनं." मागून एक बाई म्हणाली, "आन् शिकिवलं कुनी?" दोन-तीन डोकी गुरुजींच्या घराकडं वळली. मी काय केलं ते मला तेव्हा, त्या डोक्यांकडं बघून कळलं.

बुधवारी बैठक होती. सकाळी आत्यानं मला शाळेचे कपडे घालू दिले आणि म्हणाली, "शाळंला जाऊ नकू. माज्यासंगं चल." कचेरीच्या आवारात आमच्या वस्तीची पंचवीस-तीस माणसं आधीच उभी होती. तुळशीरामकाकांनी आत्याकडं बघून तोंड फिरवलं. एका म्हातारीनं, जिच्याकडं आत्या दर खेपेला साखर घेऊन जायची, पायरीवर थुंकल्यासारखं केलं. आत्या थांबली. तिला काहीतरी वेगळं झाल्याचं जाणवलं होतं, काय ते कळत नव्हतं. मला दाराजवळ उभं करून ती आपल्या खुर्चीवर जाऊन बसली.

त्या दिवशी जिल्हा कचेरीतून एक साहेब आले होते, तरुण, चष्मेवाले. आत्यानं त्यांच्याकडं बघून सरळ सांगितलं की बोअरच्या कागदावरचा अंगठा तिचा नाही. अध्यक्ष हसले नाहीत, रागावलेही नाहीत. हेडक्लार्क मात्र उभा राहिला आणि फार गोड आवाजात म्हणाला, "साहेब, बाईंना वाचता येतं. त्यांच्याच गावची मंडळी बाहेर सांगत आहेत. म्हणजे कागद वाचून, समजून अंगठा दिलाय त्यांनी. आता वस्ती बिथरली म्हणून नाकारतात."

आत्याची मान वळली. दाराबाहेरच्या लोकांकडं, मग खिडकीकडं, मग जमिनीकडं. माझ्याकडं वळली नाही. मला वाटलं, आता मी पळून जावं.

"खरंय का, बाई?" साहेबांनी विचारलं. "वाचता येतं तुम्हाला?"

"येतं."

"मग इतके महिने अंगठा का देत होतात?"

"येतं म्हनून सांगितलं असतं तर ह्येंनी मला कागद दावले असते का, साहेब?"

"आधीचे अंगठे तुमचे?"

"हाव. समदे माजे."

"आणि हा एकच नाही?"

"न्हाई. त्या दिसाला ह्येंनी मला जीपीत घालून शेत दावायला नेलं. मला काय कळंना असं समजून वाटंनं समदं बोलले. मी अंगठा दिला न्हाई, अंगठा ठणकतोय म्हनलं. मंग दुसऱ्या कुनाचा तरी उटिवला. मी त्यो कागद डोळ्यानं बगायची वाट बगत हुते, तवर तोंड उघडायचं न्हाई असं ठरिवलं हुतं."

म्हणजे जीप ती होती.

अध्यक्ष पहिल्यांदा बोलले. "अंगठ्यासारखा अंगठा. बाई म्हणणार माझा नाही. आता काय करणार?"

आत्या उठली आणि साहेबांच्या टेबलावर तिनं डावा हात उताणा ठेवला. खडी फोडताना हातोडा बसून तिचा अंगठा मधोमध फुटला होता. जखम भरली, पण एक आडवी, गुळगुळीत भेग राहून गेली. मी ती रोज भाकरीच्या पिठात बघत होते. "आता आदीचे कागद काढा," ती म्हणाली.

हेडक्लार्क म्हणाला की आधीची फाइल दुसऱ्या कपाटात आहे आणि किल्ली नाही. साहेब म्हणाले, "मी थांबतो." किल्ली पाच मिनिटांत सापडली. प्रत्येक कागदावर तिच्या अंगठ्याच्या काळ्या ठशातून एक पांढरी आडवी रेघ गेलेली होती. बोअरच्या कागदावरचा ठसा अखंड, गोल, भरलेला. साहेबांनी दोन्ही कागद शेजारी ठेवून समितीतल्या प्रत्येकाला बोलावून दाखवले. अध्यक्ष म्हणाले, "कचेरीकडून चूक झाली असेल." तो अंगठा कुणाचा होता ते शेवटपर्यंत कळलं नाही. साहेबांनी तिथल्या तिथं बोअर वस्तीकडं फिरवला आणि आत्यापुढं कागद केला. हेडक्लार्कनं सवयीनं शाईचा डबा सरकवला. आत्यानं तो बोटानं परत ढकलला, साहेबांचा पेन मागून घेतला आणि वाकून, फार वेळ लावून, पूर्ण नाव लिहिलं. स्वतःचं, नवऱ्याचं, आडनाव, सगळं.

बोअरची गाडी आठवड्यात आली. पाणी दुपारी लागलं. फार नव्हतं, थोडं मचूळ होतं, पण हापश्याला आलं. तुळशीरामकाकांनी आत्यापुढं हात जोडले. तिनं ते खाली केले आणि विचारलं, "मला वाचता येतं ह्ये कुनी सांगितलं तुमाला?" काका माझ्याकडं बघून घुटमळले आणि म्हणाले, "आता झालं गेलं. कानावर आलं." मोठ्या माणसानं दाखवलेली ती दया होती. त्या दयेचं पुढं काय होणार ते त्यांनाही माहीत नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी सोपान गुरुजी एसटीनं लातूरला आले. पांढरी टोपी, हातात भाजलेल्या शेंगांची पिशवी. इतक्या वर्षांत ते आत्याच्या दारात कधी आले नव्हते. आता लपवायचं काही उरलं नाही असं समजून आले असावेत. त्यांचा चेहरा उजळलेला होता.

"ऐकलं मी, केवळाबाई. भर सभेत सही केलीत म्हणे."

आत्या दारात उभी होती. बाजूला सरकली नाही. "गुरुजी, ही गोष्ट तिघांला ठावं हुती. मी सांगितली न्हाई. पोरगी माज्या घरात हाय. राह्यलं कोन?"

गुरुजींना समजायला क्षणभर लागला. त्यांनी आत्याकडं पाहिलं, मग तिच्या खांद्यावरून आत पाहिलं. मी चुलीजवळ होते, हातात काटवट. आमची नजर भेटली. मी खाली बघितलं.

"बरं, केवळाबाई," ते म्हणाले. "जयभीम." शेंगांची पिशवी उंबऱ्याशी ठेवली आणि गेले. आत्यानं ती पिशवी बडीबीला देऊन टाकली.

गावात मग व्हायचं ते झालं. शिकवलं कुणी, कधी, कुठं बसून, हे लोक आपापल्या परीनं सांगू लागले. आत्या लातूरला, मिलच्या घरघरीत. तिच्यापर्यंत फारसं पोचलं नाही. गुरुजी मात्र त्याच वस्तीत राहत होते. दिवाळीनंतर ते घराला कुलूप लावून मुलीकडं धर्माबादला निघून गेले. दादांनी ते सहज सांगितलं, आणि आत्या म्हणाली, "बरं झालं." मी जेवत होते. खाली मान घालून जेवत राहिले.

वर्षभर मी गप्प राहिले. खोटं बोलण्याइतकंच गप्प राहणंही सवयीचं होतं, रोज थोडं सोपं होतं. मग एके दिवशी जिल्हा परिषदेच्या निवडणुकीची बोलणी निघाली. वस्त्यांमधली माणसं आत्याला उभी राहा म्हणून सांगायला आली आणि गेली. ती शेंगा सोलत बसली होती. सहज म्हणाली, "भाषन लिवून द्यायला गुरुजी पायजे हुते. पन ज्येच्या पोटात एक गोष्ट टिकली न्हाई, त्येला काय इचारायचं."

मी म्हणाले, "आत्या, मी सांगितलं होतं."

तिचे हात थांबले. मी सगळं सांगितलं. पार, तुळशीरामकाका, जीप, भिंतीआड उभी राहिले ते, ट्रंक उघडली तेही. तिनं मध्ये काही विचारलं नाही. शेवटी उठली, पदर झाडला, टरफलं खाली पडली. "चप्पल घाल," म्हणाली.

लातूरहून नांदेड, नांदेडच्या स्टँडवर दीड तास, तिथून धर्माबाद. सबंध वाटेत तिनं मला एकदाच विचारलं, "भूक लागली का?" आणि भजी घेऊन दिली. स्वतः खाल्ली नाहीत. धर्माबादला उतरल्यावर बाजारातल्या मिरचीनं नाकाडोळ्यांतून पाणी येऊ लागलं. हमाल तेलुगूत एकमेकांना हाका मारत होते. विचारत विचारत आम्ही घर गाठलं. गुरुजी खाटेवर बसून नातवाच्या वहीवर रेघा मारून देत होते. बरेच वाळले होते. आम्हाला बघून उठले.

आत्यानं मला पुढं केलं. "बोल."

मी बोलले. गुरुजी ऐकत होते, पण नवीन काही ऐकल्यासारखे नाही. आत्याच्या ते माझ्याआधी लक्षात आलं.

"तुमाला ठावं हुतं?"

"त्याच दिवशी दिसलं. चुलीजवळ उभी होती. चाळीस वर्षं पोरांची तोंडं वाचली मी."

"मंग सांगितलं कामून न्हाई?" आत्याचा आवाज चढला. "माज्या तोंडावर सांगायचं हुतं!"

"तेरा वर्षांची पोर," गुरुजी म्हणाले. "शिकायला तिला तेवढं एकच घर होतं. माझं काय, मी म्हातारा माणूस."

आत्या खाली बसली. जमिनीवरच, त्यांच्या खाटेपासून दूर. मग म्हणाली, "मी इचारायला पायजे हुतं."

"विचारलं असतं तर मी नाही म्हणालो असतो. तुम्हाला ते पटलं असतं?"

आत्यानं विचार केला. खोटं बोलून सुटता आलं असतं. "न्हाई," ती म्हणाली.

गुरुजींच्या मुलीनं गुळाचा चहा दिला. निघताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला नाही. एवढंच म्हणाले, "उशीर केलास, बाळ." आत्यानं त्यांना गावी परत चला म्हटलं, तेव्हा त्यांनी मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही. ते आले नाहीत. भाषणाचे दोन कागद मात्र पोस्टानं आले, ठळक, सुट्या अक्षरांत लिहिलेले, जसे नवशिक्यासाठी लिहितात. गुरुजी वारल्याचं आम्हाला पुढं उशिरा समजलं.

आत्या निवडून आली. आमच्या समाजातून जिल्हा परिषदेवर निवडून गेलेली आमच्या भागातली ती पहिली बाई. तिच्या त्या वर्षांबद्दल लोक आजही मला सांगतात: ती प्रत्येक कागद सभेत उभं राहून मोठ्यानं, अडखळत, पूर्ण वाचायची आणि वाचून झाल्याशिवाय कुणाला चहा पिऊ द्यायची नाही. खेड्यांतल्या मुलींसाठी वसतिगृह तिनं असंच, कागद वाचून वाचून, सगळ्यांना कंटाळा आणून मिळवलं. दुसऱ्या खेपेला ती पडली, तिसऱ्या खेपेला परत आली. कुणी हार घातला की आधी हाराकडं, मग घालणाऱ्याकडं बघायची. मी शिकले, शिक्षिका झाले, मुख्याध्यापिका झाले. तिनं मला त्या गोष्टीवरून कधी बोल लावला नाही. माझ्या लग्नात ती माझ्यापेक्षा जास्त रडली.

म्हातारपणी तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. एकाचं ऑपरेशन बिघडलं, दुसऱ्याचं तिनं करूच दिलं नाही. तेव्हा ती माझ्याकडंच राहायची. पेन्शनचे कागद, वस्त्यांवरून येणारे अर्ज, पत्रं, सगळं मी तिला वाचून दाखवायची. ती तोंड बाजूला वळवून, कान माझ्याकडं करून ऐकायची. एका सकाळी मी भाजी घेऊन परतले तर आतून शेजारच्या मुलीचा आवाज येत होता. मी तासापूर्वी वाचलेलंच पत्र आत्या तिच्याकडून वाचून घेत होती. माझ्या चपलांचा आवाज तिला आला असणार, तिचे कान चांगले होते. मुलगी गोंधळून थांबली. आत्या म्हणाली, "थांबू नकू, वाच." मी उंबऱ्यातच उभी राहिले. मुलीनं शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं, खालच्या सहीसकट.

"जुळलं," आत्या म्हणाली. "दोघींचं सारखंच हाय." मग माझ्या दिशेनं तोंड करून, अगदी नेहमीच्या आवाजात म्हणाली, "सुजे, चहा टाक. पोरीला बी दे."